लालासाहेबांचे एकोणीस नियम

लालासाहेब आवळे बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, पण त्यांचा खरा दरारा बसला तो रिटायर झाल्यावर. गाडीत निदान पुढचा थांबा आला की माणूस उतरून सुटायचा. आष्ट्याच्या त्या पत्र्याच्या चर्चमधून मात्र आशीर्वाद होईपर्यंत उतरायची सोय नाही, आणि दारातच लालासाहेब उभे.

मंडळी लहान, साठ-पासष्ट घरांची. लालासाहेब तिच्या पंचांतले (चर्चमध्ये त्यांना 'वडील' म्हणतात) सगळ्यांत जुने, वर सेक्रेटरी. रजिस्टर त्यांच्याकडे, किल्ली त्यांच्याकडे, घंटेची दोरीसुद्धा त्यांच्याच हातात. आत शिरलं की डाव्या भिंतीवर त्यांनी पेंटरकडून रंगवून घेतलेला बोर्ड दिसायचा. एकूण नियम एकोणीस. चपला बाहेर, टाचा भिंतीकडे. मोबाइल बंद, सायलेंट म्हणजे बंद नव्हे. ओढणी डोक्यावर, गळ्यात नव्हे. प्रभुभोजनाच्या विधीत वाटायची भाकर गव्हाचीच, आणि शनिवारीच भाजलेली. जत्रेचं जेवण वर्ज्य. दहा आज्ञा देवाच्या आणि नऊ लालासाहेबांच्या, असं पोरं म्हणायची. अर्थात ते रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर.

दोन वर्षांमागं साताऱ्याहून धैर्यशील नावाचे तरुण पाळक आले आणि लालासाहेबांचं रक्त आटायला लागलं. पाळकसाहेब चांगले, गळा गोड, पण प्रत्येक उपदेशात फिरून फिरून एकच: तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे. कमवायचं नाही, विकत घ्यायचं नाही, विश्वास ठेवून नुसतं घ्यायचं.

एका रविवारी उपासना सुटल्यावर लालासाहेबांनी त्यांना दारात गाठलं. "पाळकसाहेब, सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केलं, तर गाडीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. तुम्ही तर सरसकट फुकट करून टाकलंत."

"पंच्याहत्तरीच्या पुढं फुकटच आहे की, वडील."

"तिथंसुद्धा आधार कार्ड बघतात!" लालासाहेब म्हणाले, आणि चपलांच्या टाचा बघायला निघून गेले.

आता हे नियमांचं वेड कुठून आलं, तर त्याचं मूळ शेजारी होतं. शेजारी जिनपाल, जैन, भुसार दुकानवाले, लहानपणापासूनचे दोस्त. जिनपालांच्या घरी कांदा नाही, बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर ताट नाही. भादव्यात दहा दिवस उपास, आणि तो माणूस अकराव्या दिवशी हसतमुखाने गल्ल्यावर. लालासाहेबांना याचा लय हेवा. कुणी विचारलं की 'तुमच्यात काय पाळतात?' तर आपण सांगायचं काय? विश्वास ठेवतो म्हणायचं? विश्वास कुणाला दिसतो? म्हणून गेली काही वर्षं ईस्टरआधीचे चाळीस दिवस लालासाहेबांनी कांदा-लसूण सोडला होता, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला सुरुवात केली होती. जिथं मटणाशिवाय लग्न उभं राहत नाही, त्या मंडळीचा वडील बिनकांद्याची आमटी ओरपत बसलेला बघून लोकांनी तोंडात बोटं घातली. शिवाय ते जेवायला बसायचे मुद्दाम ओसरीवर, जिनपालांना दिसेल असे.

"काय लालासाब, आमच्या घरचं ताट चुकून तुमच्या दारात आलंय व्हय?" जिनपाल पलीकडून विचारायचे. "आता आमच्या मुनींची पिंछी-कमंडलूच काय ती घ्यायची ऱ्हायली."

असा सगळा कडक कारभार. आणि त्यातच ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात राणी आली.

राणी म्हणजे लालासाहेबांची सख्खी धाकटी बहीण. आणि ही गोष्ट आष्ट्यात अजून चवीनं सांगतात, म्हणून जरा मागं जायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी म्हसवडकडचे धनगर मेंढरं घेऊन इकडं काळ्या रानात उतरायचे, शेतात मेंढरं बसवायचे. जिनपालांच्या वडिलांच्या मळ्यात बिराप्पा नावाच्या तरण्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला. राणी तेव्हा वीस वर्षांची, चर्चमध्ये सगळ्यांत उंच आवाजात गाणारी. ती मळ्यात शेण आणायला जायची. महिनाभर शेण जरा जास्तच लागलं. वाडा उठला तशी राणीही उठली आणि त्याच्या मागं माणदेशात गेली. बिराप्पाच्या घरच्यांनीही काही ओवाळून घेतलं नाही. दोघांनी दोन वर्षं वेगळं बिऱ्हाड केलं आणि मग मुलं झाली तसे सगळे नरमले.

इकडं मंडळीत पंच बसले. तेव्हाचे म्हातारे पाळक म्हणाले, पोर आहे, थांबू. पण लालासाहेब नवे पंच, नवी नोकरी, अंगात खाकी. त्यांनी स्वतः पेन घेतलं आणि प्रभुभोजनाच्या यादीतलं बहिणीचं नाव पट्टीनं रेघ मारून कापलं. धर्मासाठी, असं सगळे तोंडावर म्हणाले. खरं कारण निराळं होतं, आणि ते गावाला ठाऊकही होतं: साताऱ्याच्या एका मास्तराशी राणीचं ठरवलं होतं लालासाहेबांनीच, पत्रिका छापून आल्या होत्या, डेपोत वाटूनही झाल्या होत्या. डेपोतली माणसं पुढं सहा महिने विचारत होती, "आवळे, जेवण कवाय?"

तेव्हापासून चाळीस वर्षं. इस्राएली लोकांनी रानात काढली तेवढी. मधे आई-बाप गेले, तेव्हा राणी येऊन मातीला उभी राहिली आणि पाणी न पिता परत गेली. या खेपेला मात्र तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं मिरजेत, आणि लालासाहेबांच्या बायकोनं, दीनाकाकूंनी, नवऱ्याला न विचारता फोनवर सांगून टाकलं होतं, "ये घरी. आठ दिवस राहा."

राणी आली. साठीची, काटक, उन्हानं भाजलेली, पटकूर नेसल्यासारखं लुगडं, डोळ्याला हिरवी पट्टी. चार दिवसांनी काळा चष्मा लावून ओसरीवर बसायला लागली आणि पापड वाळत घालणाऱ्या दीनाकाकूंबरोबर जुनी गाणी म्हणायला लागली. एक शब्द विसरलेली नव्हती.

"कुठं म्हणत होतीस एवढी?" दीनाकाकूंनी विचारलं.

"मेंढरांम्होरं. त्यास्नी कुठं चाल चुकलेली कळती?"

झावळ्यांच्या रविवारी ती चर्चला आली, मागच्या रांगेत बसली. घरी आल्यावर लालासाहेब खुर्चीत टेकले तोच म्हणाली, "दादा, येत्या रविवारी प्रभुभोजन हाय न्हवं? मला घ्यायचंय."

लालासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याला रीत आहे, राणे."

"सांग की."

लालासाहेबांनी सांगितली. आधी लेखी अर्ज. मग मंडळीसमोर उभं राहून कबुली. मग तीन महिने एकही रविवार न चुकवता हजेरी. मग पंच बसतील आणि विचार करतील.

"तीन म्हैनं? आन मेंढरं कोण राखील, तू?"

"चेष्टा करू नको."

"आन कबुली कसली द्यायची? पळून गेले ही चूकच. आईबाला रडावलं. त्येची माफी म्या रोज मागितलीया, त्यानं दिली बी असंल. पर बिराप्पासंगं चाळीस वर्सं ऱ्हायले ही चूक झाली, असं म्हनू? त्यो बिचारा वाण्याकडनं मला म्हैन्याला मेणबत्त्या आणून देतो नाताळात. म्हैन्याला न्हवं, वर्साला. बघ, तुझ्याम्होरं बोलताना जीभ बी अडाकती."

लालासाहेबांनी समोरच्या भिंतीकडं बघितलं. बोर्डाकडे बघायची सवय, पण बोर्ड चर्चमध्ये होता.

राणीनं लुगड्याच्या पदरानं चष्म्याखालचं पाणी टिपलं. ते ऑपरेशनचं की दुसरं, कळायला मार्ग नव्हता. "दादा, तू चुकलेल्या मेंढराची गोष्ट लय सांगत असशील न्हाई चर्चमधी?"

"सांगतो की. दरवर्षी."

"तू कवा मेंढरू चुकलेलं बघितलंस? चुकलं की ते काय करतं ठावं हाय? काय बी करत न्हाई. जिथं चुकलं तिथं बसतं नि वरडतं. घसा बसला की गप पडून ऱ्हातं. वाट काढून माघारी आलेलं एक बी मेंढरू म्या चाळीस वर्सांत बघितलं न्हाई. आणाय जावं लागतं. आन सापडल्याव त्येला कुणी इचारत न्हाई, अर्ज आणलास का म्हणून." मग ती स्वतःच हसली. "मी तर आपल्या पायानं आले. मेंढरापरास बरी म्हण की रं."

सोमवारी सकाळी लालासाहेब उठायच्या आत ती विट्याच्या गाडीनं निघून गेली. पिशवीत दीनाकाकूंनी पापड भरले होते. रागावलेली नव्हती, असं दीनाकाकू म्हणाल्या. आणि तेच लालासाहेबांना झोंबलं.

त्या आठवड्यात लालासाहेबांनी उपास आणखी कडक केला. दूध सोडलं. मंगळवारी दिवस मावळायच्या आत ते ओसरीवर कोरडी भाकरी खात होते, तेव्हा जिनपाल दुकान बंद करून आले आणि पायरीवर बसले.

"राणी आल्याली म्हणं."

"गेली."

"कळलं. एष्टीच्या थांब्याव भेटली मला. म्या इचारलं, का गं, सणाला थांबली न्हाईस? म्हणली, दादाचं नियम लय हायती." जिनपालांनी पायातला खडा काढला. "लालासाब, एक बोलू? राग मानू नका. आमी पाळतो ते आमच्या जिभेला घातल्यालं कुलूप हाय. तुमी आमचं बघून कुलूप आणलंत, बरं केलंत. पर घातलंत ते बहिणीच्या दाराला. आमची बहीण चंदनबाला बार्शीहून येती, तिच्या सासरी कांदा खात्यात सगळी. तिला म्या उंबऱ्याव उभी करून तोंडाचा वास घेतो व्हय?"

"तुमचं वेगळं, आमचं वेगळं," लालासाहेब म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. मग आमचं कशाला घेतलंत?"

जिनपाल गेले. लालासाहेबांनी उरलेली अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली.

ईस्टरचा रविवार उजाडला. चर्च भरलं, मुली ओढण्या डोक्यावर घेऊन आल्या, टाचा सगळ्या भिंतीकडे. लालासाहेबांनी रीतीप्रमाणे पेल्यांची थाळी धरली. छोट्या छोट्या पेल्या, त्यांत दीनाकाकूंनी बेदाणे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून केलेला रस. पाळकसाहेब भाकर देत पुढं, लालासाहेब पेल्या देत मागं. शेवटच्या रांगेपर्यंत गेले, थाळीवर पांढरं फडकं टाकलं, रिकाम्या पेल्या गोळा केल्या आणि बाकावर डोकं खाली घालून बसले.

दुपारी दीनाकाकू मोरीत पेल्या विसळत होत्या. एक पेली त्यांनी उचलली आणि तशीच भरलेली लालासाहेबांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"ही कुणाची?"

"जास्तीची असेल."

"पस्तीस वर्षं झाली मला या घरात पेल्या विसळून," दीनाकाकू म्हणाल्या. "दर महिन्याला एक जास्तीची. आधी वाटलं, आपलंच मोजायला चुकतंय. मग एकदा मुद्दाम एक कमी भरली, तर तुम्ही येऊन म्हणालात, एक कमी आहे. म्हणजे ठेवायची असते, प्यायची नसते. मी बोलले नाही कधी. आज बोलते. तुम्ही स्वतः घेतच नाही."

लालासाहेब पेलीकडं बघत बसले.   शेवटी हळूच म्हणाले, "लिहिलेलंच आहे तसं. वेदीपाशी गेलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, मग ये. मला दर खेपेला आठवतं. म्हणून घेत नाही. नियम आहे."

"म्हणजे तिचं नाव कापलंत त्या दिवसापासून तुमचंही कापलेलंच आहे."

"हो."

"आणि जायचं सोडून तुम्ही उपाशी राहिलात." दीनाकाकूंचा आवाज चढला. "निम्मा नियम पाळला! ‘आधी जा’ म्हटलंय तिथं, ‘आधी कांदा सोड’ म्हटलं नाही."

त्या दिवशी संध्याकाळी लालासाहेब पाळकसाहेबांच्या घरी गेले, हातात रजिस्टर. आजारी आणि वयस्कर माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन द्यावं, असं एक पान त्यात असतं. त्या पानावर त्यांनी ठळक अक्षरात लिहून आणलं होतं: राणीबाई बिराप्पा, वय साठ, डोळ्याचं ऑपरेशन.

पाळकसाहेबांनी वाचलं, हसू दाबलं. "वडील, ऑपरेशन झालेला माणूस एस.टी.नं विट्याला जातो, तो आजारी?"

"डॉक्टरनं पंधरा दिवस धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि तिकडं धुळीशिवाय काय आहे? आजारीच." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही येणार का नाही ते सांगा. तुम्हीच म्हणता ना, फुकट आहे म्हणून?"

सोमवारी सकाळी दोघं मोटारसायकलवर निघाले. विटा, मायणी करत माणाच्या उघड्या रानात शिरेपर्यंत ऊन चढलं. बिराप्पाचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, शेजारी मेंढरांचा काट्याचा वाडा. राणी दारात शेंगा फोडत होती. तिनं काळ्या चष्म्यातून बघितलं, आधी पाळकसाहेबांना, मग मागं बसलेल्या, पाय आखडलेल्या, उतरता न येणाऱ्या आपल्या भावाला.

"आवं," ती आत बघून ओरडली, "बाहीर या. दादा आलाय!"

बिराप्पा बाहेर आला, मुंडासं सारखं करत. चाळीस वर्षांत दोघा पुरुषांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता. बिराप्पानं हात जोडले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, आणि पाव्हण्यांचे पाय आखडलेत हे बघून त्यांना बगलेत धरून खाली उतरवलं. लालासाहेबांनी धरू दिलं.

चहा झाला. लालासाहेबांनी मुद्द्याचं सांगितलं, ते सुद्धा रजिस्टर वाचल्यासारखं. राणी उठून हातपाय धुऊन आली. पाळकसाहेब मोटारसायकलीकडं गेले पिशवी आणायला, आणि तिथंच उभे राहिले. हँडलला लावलेली पिशवी खाली पडलेली. रसाची बाटली, पेल्या, थाळी आणि तिच्यावरचं फडकं सुखरूप. पण दीनाकाकूंनी शनिवारी भाजलेली, फडक्यात गुंडाळलेली गव्हाची भाकर बिराप्पाच्या कुत्र्यानं फडक्यासकट फस्त केलेली. कुत्रं शेजारीच बसून शेपूट हलवत होतं.

"हात मेल्या!" बिराप्पा काठी घेऊन धावला. "देवाचं खाल्लंस व्हय रं?"

"असू द्या, अजून आशीर्वाद झाला नव्हता," पाळकसाहेब म्हणाले, पण चेहरा पडला. "गहू आहे का घरात, राणीबाई?"

"न्हाई वं. बाजरी हाय. सकाळच्या दोन भाकरी हायत्या दुरडीत."

पाळकसाहेब लालासाहेबांकडं वळले. फुकट म्हणणारा माणूस, पण ऐन वेळी तोच घुटमळला. "वडील, बाजरीची... म्हणजे चालेल का? तुमच्याच बोर्डावर आहे, गव्हाचीच."

"बोर्ड आष्ट्यात आहे," लालासाहेब म्हणाले. "आण गं राणे भाकरी."

घोंगडं अंथरलं. बिराप्पा कुत्र्याला मांडीशी दाबून जरा बाजूला बसला, मुंडासं काढून. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, बाजरीची भाकरी मोडली आणि तुकडा राणीच्या हातावर ठेवला. चष्मा कपाळावर सारून राणीनं तो नव्या डोळ्यानं बघितला आणि खाल्ला. पेली दोन्ही हातांनी धरून प्याली.

लालासाहेब सवयीनं थाळी धरून उभे होते. फडकं टाकायला हात उचलला.

"दादा, तुझं?" राणी म्हणाली.

"राणे, तुझं नाव मी कापलं होतं. माझ्या हातानं."

"ठावं हाय. तवाच कळलं. एवढी सरळ रेघ दुसरं कोण मारतंय?"

"पत्रिकांची लाज वाटली म्हणून कापलं. देवाचं नाव उगाच घेतलं."

राणीनं घोंगड्यावरची शेजारची जागा हातानं झटकली. "चाळीस वर्सं लागली व्हय हे सांगाय? बस खाली. बस म्हणते ना."

लालासाहेब घोंगड्यावर बसले. पाळकसाहेबांनी तुकडा पुढं केला. लालासाहेबांनी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला, तोंडात टाकला आणि चावायला लागले. सकाळची भाकरी, कडक झालेली. घशात अडकली. त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतनं धार लागली, आणि चावणं काही थांबेना.

बिराप्पा घाबरला. कुत्रं सोडून तांब्या घेऊन पुढं आला आणि लालासाहेबांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "दमानं, पाव्हणं, दमानं. गडबड न्हाई. अजून एक भाकरी हाय आत."